रस्त्यावरच्या गाड्यांचा ऑटोक्रॉस वर्ग सगळ्यांना परवडेल असा कसा ठेवायचा? (नाशिक)

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. नाशिक आणि आसपासचे आम्ही काही जण मोकळं यार्ड मिळेल तिथे ऑटोक्रॉस भरवतो. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रबरी कोन मांडून वळणांची वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, स्पर्धा फक्त घड्याळाशी. बहुतेक वेळ दुसरा गिअर. कोन पाडला तर वेळेत दोन सेकंद वाढतात, वाट चुकली तर ती फेरी बाद.

सुरुवातीला सगळे रोजच्या वापरातली गाडी घेऊन यायचे. मागच्या सीटवरून मुलांची दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या काढायच्या, हवा तपासायची, हेल्मेट घालायचं आणि सुटायचं. हल्ली वरच्या नंबरांत यायचं तर मऊ रबराचे वेगळे टायर, कॉइलओव्हर (उंची जुळवता येणारे स्प्रिंग-शॉक्स), रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रामिंग बदलणं) हे सगळं लागतं असं वातावरण झालंय. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करणारी दोन-तीन मुलं फार सुंदर गाडी चालवायची, ती यायची थांबली. एकाला फोन केला तर म्हणाला, "दादा, फी परवडते, टायर नाही परवडत."

माझं मत असं की खर्च पळतो तो इंजिनात नाही, टायर आणि शॉक्समध्ये (धक्के शोषणाऱ्या शॉक अब्सॉर्बरमध्ये). म्हणून एक वर्ग असा हवा की ज्या गाडीने घरून आलात तिनेच पळायचं आणि तिनेच घरी जायचं. त्याचे नियम कसे असावेत? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा. मला हा वर्ग मनापासून टिकवायचाय.

सातपूरकर

धाग्याबद्दल आभार. नाशिकला या खेळाचा चांगला वारसा आहे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतली रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्याकडे व्हायची तेव्हा आम्ही मित्र पहाटे निघून स्टेज (रॅलीचे वेळ मोजले जाणारे टप्पे) बघायला जायचो. जिप्सी आणि एस्टीम मुरमावरून आडव्या जाताना पाहिल्यावर घरी येऊन प्रत्येकालाच आपली गाडी वेगळी दिसायला लागायची.

तेव्हाही सीसीप्रमाणे वर्ग असायचे. पण फक्त सीसी बघून आता भागणार नाही. १.० लिटर टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारं यंत्र असलेली) आणि १.२ लिटर साधं, म्हणजे टर्बो नसलेलं पेट्रोल, या दोघी "१४०० पर्यंत" मध्ये एकत्र उभ्या राहिल्या तर स्विफ्टवाल्याने करायचं काय?

हँडब्रेक

थोडा विरोधी सूर लावतो. मोटारींचा खेळ महाग असतोच. नियम जितके जास्त तितक्या पळवाटा जास्त. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नियमाच्या आत राहूनही खर्च करणारच. तुम्ही टायर ठरवून दिलात तर तो दर स्पर्धेला त्याच टायरचा नवा सेट आणेल. त्यापेक्षा सगळं खुलं ठेवा आणि नवख्यांना वेगळी ट्रॉफी द्या.

पुणेरी_क्लच

आमच्याकडे कोन मांडायची गरज नसते. खड्डे चुकवत घरी पोहोचलात की तुमची वेळ लागलीच.

वळणवेडी

@पुणेरी_क्लच, द्वारका चौकात संध्याकाळी सात वाजता या, मग बोलू :)

@हँडब्रेक, नवख्यांची ट्रॉफी एका हंगामापुरती असते. पुढच्या वर्षी तो नवखा राहत नाही, पण त्याचा पगार तेवढाच असतो. मग तो जातो. आम्ही नेमके असेच लोक गमावतोय.

बे_एरिया_ते_सिडको

मी बारा महिने बाहेर असतो, पण मूळचा नाशिकच्या सिडकोचा. इकडे अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ही संस्था 'सोलो' नावाने हाच खेळ चालवते, आणि तुमचा प्रश्न त्यांना आधीच पडून गेलाय. म्हणून जरा लांब लिहितो.

त्यांच्याकडे पूर्वी 'स्टॉक' नावाचा वर्ग होता. गाडी जवळपास कंपनीतून आली तशीच, पण टायरला मोकळीक. परिणाम असा की साध्या गाडीला शर्यतीचे टायर लावून लोक यायचे. ते टायर रस्त्यावर चालवून आणणं परवडायचं नाही, म्हणून ट्रेलर आला, ट्रेलर ओढायला मोठी गाडी आली. कागदावर सगळ्यात साधा वर्ग आणि प्रत्यक्षात खर्चिक. २०१४ पासून त्यांनी तो बदलून 'स्ट्रीट' वर्ग आणला आणि टायरवर अट घातली: बाजूला छापलेला ट्रेडवेअर अंक किमान १४०. पुढे ती मर्यादा २०० केली. अंक जितका मोठा तितका टायर हळू झिजणारा, असा ढोबळ अर्थ.

आता पुढची गंमत बघा. हा अंक कोणी तिसरा माणूस देत नाही, टायर कंपनी स्वतः चाचणी करून देते. टेक्सासमध्ये ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल चालवून तुलनेच्या टायरशी झीज ताडून बघतात. नियम आल्यावर कंपन्यांनी अंक २०० छापलेले पण पकड भयंकर असलेले टायर काढले. ब्रिजस्टोनचा आरई-७१आर, योकोहामाचा ए०५२ ही त्यातली गाजलेली नावं. ते पटापट झिजतात आणि स्वस्तही नाहीत. म्हणजे @हँडब्रेक म्हणतात त्यात तथ्य आहे, नुसता अंक धरून बसलात तर त्याच्या कडेने वाट निघते. तरीही स्ट्रीट वर्ग टिकला आहे. घरून गाडी चालवत येऊन पळणं त्याने पुन्हा शक्य झालं.

बाकी सवलती मोजक्या: शॉक्स बदलता येतात, पुढचा किंवा मागचा एक अँटीरोल बार (वळणात गाडी कमी झुकावी म्हणून असलेला दांडा), एअर फिल्टर, ब्रेक पॅड, कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागचा एक्झॉस्ट. माझं वैयक्तिक मत: त्यांनी शॉक्सला मोकळीक दिली ती तुम्ही देऊ नका. खिसा तिथेच रिकामा होतो.

तिसरा_गिअर

@बे_एरिया, हेच हवं होतं. आपल्याकडे अंकाऐवजी मापच धरलं तर? गाडी कंपनीतून ज्या मापाच्या टायरवर आली तेच माप, तेवढीच रिम. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. या मापांत सेमी-स्लिक (जवळपास नक्षी नसलेला शर्यतीचा टायर) कोणी आणून दाखवावाच.

अंबड_गॅरेज

माझं गॅरेज आहे, या विषयावर रोज कोणी ना कोणी विचारायला येतो, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, मापाचा नियम उत्तम. गिऱ्हाईक माप बदलतं तेव्हाच खर्चाची साखळी सुरू होते. रुंद टायर, मग अलॉय, मग टायर घासतो म्हणून स्प्रिंग, मग स्प्रिंगला साजेसे शॉक्स. पहिला दुवा तोडला की पुढचं आपोआप थांबतं.

दुसरी गोष्ट, जो नियम पाच मिनिटांत, गाडी न खोलता, नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही तो लिहूच नका. टायरचं माप वाचता येतं. स्प्रिंगवरचा कंपनीचा रंगाचा पट्टा दिसतो. शॉक्स कंपनीचा की बाहेरचा हे जॅक न लावता चाक पूर्ण वळवून टॉर्च मारला तरी कळतं. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) पुढचं चाक समोरून बघितलं की लक्षात येतो, शंका आली तर फोनमधलं कोनमापक लावा. रीमॅप मात्र दिसत नाही. लॅपटॉप लावूनही प्रत्येक वेळी कळेलच असं नाही.

पण रीमॅपची भीती कुठे बाळगायची ते समजून घ्या. साध्या १.२ पेट्रोलमध्ये रीमॅप करून मिळतं फार थोडं, कारण इंजिन हवा ओढेल तेवढीच ओढणार. टर्बोमध्ये बूस्ट (दाबलेल्या हवेचा दाब) वाढवला की पाव हिस्सा ताकद सहज वाढते. म्हणून टर्बो वेगळे काढा, सीसी कितीही असो. मग साध्या पेट्रोलवाल्यांच्या वर्गात रीमॅप तपासायची गरजच उरत नाही. कोणी करून आलाच तर त्याचा फायदा एका नीट मारलेल्या वळणापेक्षा कमी.

सातपूरकर

+१. आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्वीपासून पेट्रोल टर्बोला १.७ ने गुणायची पद्धत आहे. ९९९ सीसी गुणिले १.७ म्हणजे साधारण १७००. त्या हिशेबाने १.० टर्बो होंडा सिटी व्हीटेकच्याही (१.५ लिटर, साधं पेट्रोल) वर जाते. पोलो टीएसआयवाल्यांनी (त्या टर्बोच) राग मानू नये.

टीएसआय_नाशिकरोड

राग नाही, पण आमचा वर्ग तरी ठेवा हो. आम्हालाही परवडलं पाहिजे. ईएमआय अजून चालू आहे.

वळणवेडी

सगळे गाडीच्या खर्चावर बोलताय. मी आयोजनाचा हिशेब ठेवते, त्याबद्दल.

दिवसभराच्या खर्चात जागेचं भाडं, रुग्णवाहिका, अग्निशामक नळकांडी, टायमिंग, मांडव, पाणी आणि जेवण येतं. यात रुग्णवाहिकेवर कधीही काटछाट करायची नाही, हे मी आयोजकांना पहिल्याच बैठकीत सांगितलंय. कपात करता येते ती माणसांच्या खर्चात. बाहेरून मार्शल (वाटेवर लक्ष ठेवणारी माणसं) आणण्यापेक्षा स्पर्धकांचे दोन गट पाडा. पहिला पळत असताना दुसरा कोन उभे करतो, मग अदलाबदल. जो कोनाजवळ उभा राहतो त्याला इतरांच्या रेषा (वळण कुठून कसं घेतात ते) जवळून दिसतात, हे शिक्षण फुकट मिळतं. टायमिंगसाठी आमच्या एका इंजिनिअर मुलाने दोन प्रकाशकिरणांचा सेन्सर बनवलाय, सेकंदाचा हजारावा भाग दाखवतो. स्टॉपवॉचवरून व्हायची ती भांडणं संपली.

एक गाडी दोघांनी वापरायची मुभा द्या. माझा भाऊ आणि मी एकाच इग्निसवर पळतो. फी दोन, टायर एकच सेट.

आणि महिलांसाठी वेगळा वर्ग नको, ही माझी विनंती. वेगळा चषक द्यायचा तर द्या, पण वेळ एकाच फळ्यावर लावा. मला कोणत्या कोनापाशी किती हरवलं ते बघायचं असतं.

द्राक्षवाला

मी शर्यतीतला नाही. पिंपळगाव बाजूला बाग आहे. तुमच्यापैकी कोणी मागच्या वर्षी आमच्या शिवाराजवळ मुरमावर असला कार्यक्रम ठेवला होता, ते तुम्हीच की दुसरे ते माहीत नाही. दिवसभर धुळीचे लोट. घडावर धूळ बसली की व्यापारी भाव पाडतो आणि निर्यातीचा माल तर बाजूलाच पडतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणी होईपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिलपर्यंत, बागेजवळ धूळ उडवू नका. खेळाला विरोध नाही, मुलगा तर तुमचाच चाहता आहे.

तिसरा_गिअर

@द्राक्षवाला, तो कार्यक्रम आमचा नव्हता, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. आमची पसंती काँक्रीट किंवा डांबरी यार्डालाच. मुरमावर कधी ठेवलंच तर बागांपासून लांब आणि काढणीनंतर मे महिन्यात, टँकरने पाणी मारून. तुमचा मुलगा अठरा वर्षांचा असेल आणि लायसन्स असेल तर त्याला घेऊन या. नसेल तर टायमिंगच्या टेबलावर बसवू.

ओझरकर

जागेचं बोलताय तर, तपोवनाकडची मोकळी मैदानं विसरा. २०२७ चा सिंहस्थ आहे, साधुग्रामाची तयारी त्याच भागात. सिन्नर एमआयडीसीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची यार्डं रविवारी रिकामी असतात. मालकाचं लेखी पत्र, पोलिसांची परवानगी, आणि गेट बंद. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत आणि कैदही होऊ शकते. गंगापूर रोडवर रात्री पळणाऱ्या पोरांना हा धागा पाठवा कोणीतरी.

विमा_सल्ला

महत्त्वाचं. तुमच्या गाडीची पॉलिसी काढून 'वापराची मर्यादा' वाचा. संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठी गाडी वापरली तर नुकसानभरपाई नाही, हे आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं. यार्डात बंपर गेला तर तो तुमच्या खिशातून. स्वस्त वर्गाचा विचार करताना वाट अशी आखा की कोन चुकला तरी पुढे मोकळी जागा असेल. भिंत, खांब, उभा कंटेनर काहीच नको. बंपर वाचला तर टायरच्या एका सेटएवढे पैसे वाचतात.

हँडब्रेक

वरचं सगळं वाचलं. मापाचा नियम पटला. पण माझा मूळ प्रश्न आहेच: दर स्पर्धेला त्याच मापाचा नवा सेट आणणाऱ्याचं काय?

अंबड_गॅरेज

हंगामाला एकच सेट. पहिल्या स्पर्धेला टायरच्या बाजूवर रंगाची खूण करायची आणि बनावटीचा चार आकडी कोड वहीत लिहायचा. पंक्चर किंवा फुगा आला तर एक टायर बदलायची मुभा. काँक्रीटवर नवा टायर तसाही फार चांगला चालत नाही, खोल नक्षीचे ठोकळे वळणात वाकतात. अर्धा झिजलेला टायर बऱ्याचदा वेगवान निघतो. म्हणजे जो रोज कामावर गाडी नेतो त्याचा टायर आपसूक तयार होतो.

बे_एरिया_ते_सिडको

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. इकडे नवे टायर मुद्दाम तासून घेणारे लोक आहेत.

मखमलाबादची_मिसळ

माझी वॅगनआर कंपनीची सीएनजी आहे. चालेल का? तुम्ही सीएनजीला नाही म्हणालात तर अर्ध्या नाशिकला नाही म्हणाल्यासारखं होईल.

अंबड_गॅरेज

कंपनीने बसवलेली टाकी मजबूत पट्ट्यांनी चेसिसला धरलेली असते. माझं मत, कंपनीची असेल, टाकीची हायड्रो टेस्ट मुदतीत असेल आणि आरसीवर नोंद असेल तर चालावं, पण पेट्रोलवर पळायचं आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. बाहेरून बसवलेल्या किटला मी परवानगी देणार नाही. वॅगनआर उंच आहे, तेव्हा सलग डावी-उजवी वळणं येतील तिथे कोनांमधलं अंतर जास्त ठेवा.

ओझरकर

असहमत. सीएनजी पूर्ण बंद ठेवा. आग लागली तर यार्डमालक पुन्हा दारात उभं करणार नाही आणि सगळ्यांचाच खेळ संपेल.

मखमलाबादची_मिसळ

ओझरकर, ही गाडी रोज मुंबई नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये चालतेच की. तिथे धोका नाही आणि मोकळ्या यार्डात आहे?

ओझरकर

मुंबई नाक्यावर तुम्ही सलग दहा कोनांमधून नागमोडी जात नाही. मी मत बदलत नाही, पण बहुमत होईल ते मान्य.

तिसरा_गिअर

सीएनजीवर मत घेऊया, धागा वेगळा काढतो. बाकीचा मसुदा आतापर्यंतच्या चर्चेवरून लिहितोय.

वर्गाचं नाव 'घरची गाडी'. साधं पेट्रोल १४०० सीसीपर्यंत एक, त्यावरचं साधं पेट्रोल दुसरा, टर्बो पेट्रोल आणि डिझेल तिसरा. तिन्ही वर्गांना नियम एकच. टायर आणि रिम कंपनीच्या मापाची, हंगामाला एक सेट, खूण केलेला. स्प्रिंग आणि शॉक्स कंपनीचे, झिजले असतील तर बदला पण तसेच. एअर फिल्टर आणि ब्रेक पॅड मोकळे. सीट, कार्पेट, एसी काही काढायचं नाही, फक्त सुटं सामान, जॅक आणि स्टेपनी उतरवायची. गाडी ट्रेलरवरून आली तर या वर्गात धरणार नाही. हेल्मेट सक्तीचं. ते नसणाऱ्यांसाठी गटाची काही हेल्मेट ठेवतोय, हेल्मेटच्या आत घालायची कापडी टोपी ज्याची त्याने आणावी.

हरकत घ्यायची असेल तर हरकत घेणाऱ्याने अनामत भरायची. हरकत खरी ठरली तर अनामत परत, खोटी ठरली तर ती रक्कम पुढच्या वेळी विद्यार्थ्यांच्या फीमध्ये. अंबडच्या त्या मुलांना मी आज पुन्हा फोन करतोय आणि हा मसुदा वाचून दाखवणार आहे. त्यांना जमत नसेल तर मसुदा पुन्हा लिहू. हा वर्ग त्यांच्यासाठीच आहे.

वळणवेडी

फीमध्ये एक बदल सुचवते. आयोजकांच्या खर्चात ट्रॉफ्यांवर बरेच पैसे जातात. पहिल्या तिघांना छोटं पदक पुरे. उरलेल्या पैशांतून 'घरची गाडी' वर्गाची फी कमी करा.

टीएसआय_नाशिकरोड

पूर्ण सहमत. माझ्या घरी ट्रॉफ्या ठेवायला जागा नाही अशी परिस्थिती अजून आलेली नाही, पण तरीही सहमत.

हँडब्रेक

ठीक आहे, विरोध मागे. एक फेरी मीही याच वर्गात पळेन, माझी जुनी झेन आहे, कधी हात लावलेला नाही. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांचं काय? फ्यूज काढायला देणार?

अंबड_गॅरेज

नाही. फ्यूज काढला की काही गाड्यांत एबीएसही (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) जातं. बटण असेल तर बटणाने बंद करा, नसेल तर तशीच चालवा.

सातपूरकर

मी वजनकाटा आणि रंगाचा डबा आणतो. टायर तपासणी सकाळी सातला सुरू करू, उशिरा आलेल्यांना पहिला गट पळत असताना कोन उचलायला लावा.

द्राक्षवाला

मुलगा एकोणीसचा आहे, लायसन्स आहे. गाडी घरची स्विफ्ट. टायर १६५/८० आर१४, बाजूला शेवटचे चार आकडे ३५१७ आहेत. चालेल का?

अंबड_गॅरेज

३५१७ म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असणार, बाजूला बारीक भेगा दिसतात का बघा. शर्यतीसाठीच नाही, महामार्गावरही हे टायर नकोत. मुलाला शनिवारी गॅरेजवर पाठवा. चार नवे लागतीलच, तर मापात काय मिळतंय ते दाखवतो, आणि तो रोजच्या वापरात थोडे झिजवून मगच स्पर्धेला येईल.